समास

रुवीतलं हॉटेल, दुसरा मजला, मंगळवार,
सकाळचे साडेसहा.
ताटात उपमा, कडेला तीन खजूर,
आणि बोलायला प्रत्येकाला साठ सेकंद.
घंटी वाजली की बसायचं.

मी उभा राहिलो. विलास ढवण, वॉटरप्रूफिंग.
पाऊस नसलेल्या देशात
गळती थांबवायचा धंदा.
कुणीतरी हसलं,
आणि पुढची पाठ केलेली वाक्यं पुसून गेली.
कोट मेहुण्याचा. बाह्या बोटांवर येत होत्या.
घंटी होईपर्यंत उपम्याकडं बघत राहिलो.

मग कार्डं फिरली, पत्ते पिसावेत तशी.
दोन्ही हातांनी द्यायचं, क्षणभर वाचायचं,
वा वा म्हणायचं, खिशात टाकायचं.
दुपारी खिसा जड,
ओळखीचं कुणी नाही.

इब्राहिम पारकर, मूळचे दाभोळचे,
वादी कबीरला चिलर दुरुस्तीचं वर्कशॉप.
जिन्यात थांबले होते, कठडा धरून.
"पाऊस नाही म्हणूनच
गच्चीकडं कुणी बघत नाही.
पुढच्या वेळी एवढंच बोल आणि बस."
खाली चहा. दोनशे बैसा, दिले त्यांनीच.
मी कामाचं काढलं, तर कप पुढं सरकवला.
"पहिल्या भेटीत काम मागू नये.
गाव विचार. गुडघा विचार.
कुणाला काय हवंय ते ऐकून घे,
दुसऱ्याकडून मिळवून दे,
आणि तू मधे राहा, बिजागरीसारखा.
कुरकुरेपर्यंत कुणाला दिसत नाही,
पण दार तिच्यावरच फिरतं."

त्यांनी मला थॉमसकडं धाडलं,
थॉमसनं लालवानींकडं,
लालवानींनी बद्रिया बाईंच्या घरी,
जिथं वरच्या टाकीचं पाणी
तीन वर्षं झोपायच्या खोलीत उतरत होतं.
बिल चौदा महिन्यांनी मिळालं.
सोबत हलव्याचा डबा. त्याच्यावर व्याज नाही लावता येत.
आणि ज्या जूनमध्ये वादी भरून रस्त्यावर आली
त्या रात्री माझा फोन
पहाटेपर्यंत गरम होता.

अकरा वर्षांनी पारकरांचा व्हिसा संपला.
विमानतळावर त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा दिला.
"घे. आता ह्यांना कोण विचारणार?"

कार्डाला इथं दोन तोंडं असतात,
एकीकडं इंग्रजी, उलटीकडं अरबी.
माणूस लिहायला जागाच नाही.
म्हणून पारकरांनी समासात लिहिलेलं,
पेन्सिलीनं, मुंगीएवढ्या मराठीत,
जी त्या टेबलांवर कुणी वाचली नसती.

*थॉमस, स्टील: डाव्या कानानं ऐकू येत नाही. उजवीकडं बसणे.*
*लालवानी: उधार देतो, आठवण करत नाही. ती आपण ठेवायची.*
*बद्रिया: नवऱ्याचा विषय काढू नये.*
एकावर नुसतं: *गेला. फोन लावू नये.*
आणि खाली, वेगळ्या दिवशीच्या टोकानं:
*लावला. मुलगा उचलतो.*

तळाशी माझं.
जुना पत्ता, जुना नंबर, स्पेलिंग चुकलेलं.
*ढवण. कोट उसना.*
*खोटं बोलता येत नाही, म्हणून वेळ लागेल.*
*चहा पाजणे.*

मी डबा दोनदा उपसला.
त्यांचं स्वतःचं कार्ड त्यात नव्हतं.
असणार कसं?
ते माझ्या पाकिटात होतं, घामानं मऊ झालेलं,
पुढून चिलर, मागून चिलर,
आणि चारी बाजूंचा समास कोरा.

अकरा वर्षं मी सगळ्या मस्कतचे गुडघे विचारले.
टोक केलं. लिहिलं:
*जिना चढताना कठडा धरतात.*
पुढं सुचेना.

इथं साडेआठ.
दाभोळात दहा वाजून गेले असतील,
म्हातारी माणसं लवकर झोपतात.
तरी लावलाय.
रिंग जातेय.